नवा ट्रेलर घरी नेताना
पनवेल ते माणगाव : प्रवासाचा बेत कसा आखावा

फाल्गुन महिना हा कोकणातील शेतकऱ्याच्या दृष्टीने अवजारे आणि वाहने खरेदी करण्याचा काळ होय. भाताची मळणी व विक्री आटोपून हाती थोडा पैसा आलेला असतो. राबासाठी शेण, कवळ व पातेरा आणणे, शेतात शेणखत टाकणे आणि पावसापूर्वी पेंढा घरी आणून रचणे ही ओढीची कामे तोंडावर असतात. अशा वेळी ट्रॅक्टरला जोडावयाचा मोठा ट्रेलर, म्हणजे बोलीभाषेतील ट्रॉली, घेण्याचा विचार पुष्कळ शेतकरी करतात.

पनवेल आणि शेतकऱ्याची गाडी यांचा संबंध जुना आहे. सन १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेल हे मुंबई बंदर आणि देश यांमधील महत्त्वाचे ठाणे बनले, आणि बैलगाडीची चाके तयार करण्याचा धंदाही तेथे चालत असे. आज रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस सिडकोने वसविलेले नवीन पनवेल उभे आहे. बैलगाडीची जागा ट्रॅक्टरने घेतली असली, तरी खरेदी केलेले वाहन सुखरूप गावी कसे न्यावे हा प्रश्न पूर्वीइतकाच महत्त्वाचा राहिला आहे.

ट्रेलरच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा प्रवास बहुधा हा पहिलाच असतो. चालकास त्याच्या लांबीचा व वळणाचा सराव नसतो, चाकांच्या चक्क्या अजून बसलेल्या नसतात, दिव्यांची जोडणी पारखलेली नसते. आणि शेतातील दोन-चार फर्लांगांच्या वाटेऐवजी एकदम महामार्गावरचा लांबचा पल्ला गाठावयाचा असतो. पुढील विवेचनात नवीन पनवेलहून माणगाव तालुक्यातील गावी जाण्याचे उदाहरण घेतले आहे. अन्य गावच्या शेतकऱ्यांनी अंतराचे आकडे बदलून हाच हिशेब करावा.

मार्ग व दिवस यांची निवड

नवीन पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पळस्पे फाट्यास यावे. येथून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ सुरू होतो. पळस्पे ते इंदापूर हे अंतर ८४ किलोमीटर असून माणगावपर्यंत ते सुमारे ९५ किलोमीटर भरते. वाटेत प्रथम कर्नाळ्याची खिंड लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांस पक्षी अभयारण्य असून वळणे आहेत, म्हणून तेथे वेग कमी ठेवणे इष्ट. पुढे खारपाड्यास पाताळगंगा ओलांडून पेण येते. वडखळजवळ अलिबागचा रस्ता वेगळा होतो. तेथे वाहनांची दाटी असते. नागोठणे सोडल्यावर सुकेळी खिंडीचा चढ-उतार लागतो आणि त्यानंतर कोलाड, इंदापूर व माणगाव अशी गावे येतात. म्हणजे या मार्गावर मोठा घाट नसला तरी दोन खिंडी आहेत, आणि ट्रेलरची खरी परीक्षा तेथेच होते.

ज्यांना देशावर जावयाचे आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टर नेण्यास बंदी आहे. जुन्या रस्त्याने बोरघाट चढण्यापूर्वी ट्रॅक्टरला कोणत्या भागातून व कोणत्या वेळी जाऊ देतात, याची महामार्ग पोलिसांकडे आगाऊ चौकशी करावी.

दिवस ठरविताना शिमग्याचा विचार अवश्य करावा. होळीसाठी मुंबई-ठाण्यातील चाकरमानी मोठ्या संख्येने गावी येतात आणि त्या दिवसांत गोवा महामार्गावर वाहनांची रीघ लागते. संथ चालणाऱ्या ट्रॅक्टरमागे रांग साचते व उतावीळ चालक धोका पत्करून पुढे घुसू पाहतात. सबब, होळीच्या किमान आठ दिवस आधी ट्रेलर घरी आणावा. ते न जमल्यास गर्दी ओसरू द्यावी. पाडव्याला वाहनाची पूजा करावयाची म्हणून अनेकजण घाई करतात. पूजा पाडव्याला करण्यास ट्रेलर आधी घरी आणून ठेवलेला असला म्हणजे पुरे. या महिन्यांत पहाटे दाट धुके पडते, तसेच राब भाजणीचा धूर काही ठिकाणी रस्त्यावर येतो, हेही विसरू नये.

वेळेचा हिशेब

ट्रेलरसह ट्रॅक्टरने ताशी २० किलोमीटरहून अधिक वेग धरू नये. या वेगाने ९५ किलोमीटर जाण्यास पावणेपाच तास लागतात. दर तासाला पंधरा मिनिटे तपासणीसाठी, म्हणजे एकूण एक तास. जेवण व विश्रांती यांसाठी आणखी एक तास. वडखळसारख्या ठिकाणी होणारा खोळंबा धरता एकूण सात तासांचा प्रवास समजावा. धुके निवळल्यावर सकाळी साडेसातला निघाल्यास दुपारी अडीचच्या सुमारास माणगाव गाठता येते. फाल्गुनात सूर्यास्त सायंकाळी पावणेसातच्या सुमारास होतो. म्हणजे चाक पंक्चर झाले किंवा काही मोडले तरी दुरुस्तीसाठी चार तासांचा अवधी हाताशी राहतो.

यावरून एक साधा नियम निघतो. सकाळी दहानंतर ट्रेलर ताब्यात मिळाला तर त्या दिवशी निघू नये; पनवेललाच मुक्काम करावा. एका रात्रीचा खर्च वाचविण्यासाठी अंधारात महामार्गावर जाणे म्हणजे ट्रेलरची सारी किंमत आणि माणसांचे जीव पणास लावणे होय. संथ ट्रेलरवर मागून येणारे वाहन आदळण्याचा संभव रात्री सर्वांत अधिक असतो, कारण मागील चालकास ट्रेलर दिसेपर्यंत वेग आवरण्यास वेळ उरत नाही.

ट्रॅक्टर आदल्या दिवशीच पनवेलास नेऊन ठेवावा. येण्याचा व जाण्याचा पल्ला एकाच दिवशी एकाच चालकाने करू नये.

ताबा घेण्यापूर्वी

विक्रीची पावती, नोंदणीची कागदपत्रे व विमा यांवाचून ट्रेलर रस्त्यावर आणू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये नोंदणी व त्रयस्थ पक्षाचा विमा आवश्यक आहे. पनवेल परिवहन कार्यालयाचा क्रमांक ४६, तर पेण कार्यालयाचा ०६ आहे. आपले गाव कोणत्या कार्यालयाखाली येते हे आधीच पाहून, कायम नोंदणी कोठे व कोणी करावयाची ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ट्रॅक्टरचे पुस्तक, विमा व चालकाचा परवाना यांची मुदत तपासावी.

त्यानंतर ट्रेलर स्वतः तपासावा. चाकांच्या सर्व चक्क्या पान्याने आवळून पाहाव्यात. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आहे की नाही ते मोजून घ्यावे. चाकांच्या तुंब्यांत वंगण भरले आहे याची खात्री करावी. मागील लाल दिवे, थांबण्याचा दिवा आणि वळण दाखविणारे दिवे ट्रॅक्टरवरून चालू-बंद करून पाहावेत. मागे लाल व बाजूंना चमकणाऱ्या पट्ट्या नसल्यास तेथेच लावून घ्याव्यात. त्यांचा खर्च अल्प व उपयोग फार मोठा आहे. जवळच्या मोकळ्या मैदानात अर्धा तास वळणे घेण्याचा व मागे नेण्याचा सराव करावा. वळणावर ट्रेलरची चाके ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा आतून जातात, आणि दोन चाकी ट्रेलर मागे नेताना सुकाणू उलट बाजूस फिरवावे लागते. या दोन गोष्टी हाताला बसल्यावाचून बाजारातून गाडी बाहेर काढू नये.

जोडणी

ट्रेलर ट्रॅक्टरच्या मागील ओढदांड्यालाच जोडावा. टॉप लिंकच्या जागी किंवा मागील आसाहून उंच अशा कोणत्याही ठिकाणी तो कधीही जोडू नये. ओढ आसाच्या वर लागली तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो. हे क्षणार्धात घडते. उडी मारण्यासही सवड मिळत नाही. ओढ आसाखाली असली म्हणजे हा धोका पुष्कळ कमी होतो.

जोडखिळा योग्य जाडीचा असावा व त्याला खालून अटकाव घातलेला असावा. लोखंडी सळईचा तुकडा किंवा बोल्ट वापरून काम भागवू नये. खिळा निसटला तरी ट्रेलर सुटू नये म्हणून ओढदांडा व ट्रेलर यांच्यामध्ये मजबूत साखळी बांधावी.

ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळ्या पायट्यांवर असतात. शेतात वळण्यासाठी ते सोयीचे असले, तरी रस्त्यावर दोन्ही पायट्या एकमेकींस अडकवूनच चालवावे. केवळ एका चाकाचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर एका अंगास ओढला जातो आणि मागचा ट्रेलर त्याला ढकलून आडवा करतो.

भार

मोठा ट्रेलर रिकामा न्यावयाचा म्हटले की पनवेलच्या बाजारातून सिमेंट, पत्रे वा नळ भरून नेण्याचा मोह होतो. पहिल्या प्रवासात तो आवरावा. अनेक ट्रेलरांना स्वतःचे ब्रेक नसतात. तेव्हा ट्रेलर व भार यांना थांबविण्याचे सर्व काम ट्रॅक्टरच्या ब्रेकवर पडते. काही सामान न्यावयाचेच असेल तर ते थोडके असावे आणि घट्ट बांधावे. दोन चाकी ट्रेलरात ते आसाच्या किंचित पुढे ठेवावे. सर्व भार मागे गेला तर ओढदांडा वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड कमी होते व ब्रेक लागूनही चाके घसरतात.

ट्रेलरमध्ये माणसे बसवू नयेत. नवा ट्रेलर आणावयास निघालेल्या शेतकऱ्याबरोबर घरची मंडळी हौसेने जातात. त्यांनी परत येताना एस.टी.ने यावे. मालवाहू ट्रेलरातून माणसे नेणे नियमाविरुद्ध आहे, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाईही अडते. ट्रॅक्टरच्या चिखलरोधकावर बसणेही तितकेच घातक होय.

वाटेवर

निघाल्यापासून पहिल्या पाच किलोमीटरांनंतर, म्हणजे पळस्प्याच्या आसपास, रस्त्याच्या कडेस सुरक्षित जागी थांबून चक्क्या, जोडखिळा व साखळी पाहावी. नव्या चाकांच्या चक्क्या पहिल्या ५० किलोमीटरांत सैल होण्याचा संभव असतो. म्हणून पेण व नागोठणे येथे त्या पुन्हा आवळाव्यात. प्रत्येक थांब्यावर तळहाताच्या मागील बाजूने तुंबा चाचपून पाहावा. एक तुंबा इतरांपेक्षा फार तापला असेल तर वंगण कमी पडले आहे किंवा बेअरिंग आवळले गेले आहे असे समजावे व दुरुस्तीवाचून पुढे जाऊ नये.

वेगाचे महत्त्व पुढील हिशेबावरून ध्यानात येईल. थांबविण्यासाठी ब्रेकला जी शक्ती जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी २० ऐवजी ३० किलोमीटर वेग ठेवल्यास ती सव्वादोनपट होते. ४० ठेवल्यास चौपट. म्हणजे ९५ किलोमीटरांत दीड तास वाचविण्यासाठी ताशी ३० चा वेग धरला, तर गाडी थांबविण्यास ब्रेक लागल्यापासून दुपटीहून अधिक अंतर लागेल.

खिंडीचा उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा क्लच दाबून उतरणे ही आत्मघातकी सवय होय. इंजिनचा रोध सुटला की ट्रेलर मागून रेटू लागतो, ब्रेक तापून निकामी होतात आणि त्यानंतर गिअर पडत नाही. वळणावर ब्रेक लावू नये. वळणापूर्वीच वेग उतरवावा.

मागे वाहनांची रांग साचल्यास रुंद जागा पाहून गाडी कडेस घ्यावी व रांग पुढे जाऊ द्यावी. गाडी बंद पडल्यास चाकांमागे लाकडी पाचरी ठेवाव्यात, त्रिकोणी धोकाचिन्ह बरेच मागे मांडावे आणि दगड रचून खुणा करू नयेत. दुरुस्तीनंतर रस्त्यावर राहिलेले दगड पुढील दुचाकीस्वाराचा घात करतात.

बरोबर घ्यावयाचे साहित्य

भार पेलणारा जॅक, चाकाचा पाना, हवा भरलेले जादा चाक, दोन लाकडी पाचरी, जादा जोडखिळा, दोर, वंगण, विजेरी, धोकाचिन्ह, पिण्याचे पाणी आणि कागदपत्रांच्या प्रती एवढे साहित्य पुरेसे आहे. चालकाबरोबर एक जाणता माणूस दुचाकीवरून असावा. अरुंद जागी मागची वाहतूक पाहण्यास व अडचणीच्या वेळी मदत आणण्यास तो उपयोगी पडतो. संकटसमयी ११२ या क्रमांकावर पोलिसांची व १०८ वर रुग्णवाहिकेची मदत मिळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात ट्रेलर घेण्याचा विचार कोणी करीत असल्याचे कळताच कार्यकर्त्याने त्याची गाठ घ्यावी आणि मार्ग, दिवस, निघण्याची वेळ व थांबे एका कागदावर लिहून काढण्यास त्यास साहाय्य करावे. त्या कागदाची एक प्रत घरी ठेवावी, म्हणजे उशीर झाल्यास शोध कोठे घ्यावयाचा हे घरच्यांना समजेल. ट्रेलर गावी आल्यावर गावातील इतर ट्रॅक्टरचालकांना बोलावून जोडणी, पायट्या अडकविणे व चमकपट्ट्या यांचे प्रात्यक्षिक त्याच ट्रेलरवर करावे. गावात आधीपासून चालणारे पुष्कळ ट्रेलर दिव्यांवाचून व साखळीवाचून फिरत असतात. त्यांची त्याच दिवशी पाहणी करून उणिवांची यादी करावी आणि पावसाळ्यापूर्वी त्या दूर झाल्या की नाहीत ते पुन्हा पाहावे.