मोकळीक आखावी लागते

मुलांनी स्वतःहून शिकावे, नवे काही करून पाहावे, एकमेकांच्या साथीने काम करावे, हे कोणालाच अमान्य नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ही कृती आणि शोध यांतून, बालस्नेही रीतीने शिकवायला सांगते. तरीही प्राथमिक वर्गात पुढचे पान कधी उलटायचे हे बहुधा बाईच ठरवतात, आणि स्वावलंबन, सर्जनशीलता, सहकार्य या गोष्टी कार्यानुभवाच्या तासापुरत्या किंवा स्नेहसंमेलनापुरत्या उरतात. भाषा-गणित शिकतानाच मुलाच्या हाती किती निर्णय राहतात, यावर हे गुण पोसतात. आणि ते निर्णय मुलाकडे सोपवायचे, तर शिक्षकाला आधी भरपूर आखणी करावी लागते.

याचा मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग कोलंबियाच्या खेड्यांत झाला. एक-दोन शिक्षक आणि समोर पाच इयत्ता, ही तिथली अडचण. विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात त्यावर ‘एस्क्वेला नुएवा’, म्हणजे ‘नवी शाळा’, ही पद्धत उभी केली. मुले लहान गटांत बसतात, स्वाध्याय-पुस्तिका वाचत पुढे जातात, अडले की आधी गटात विचारतात. शिकलेले घरी, गावात लावून पाहण्याचे काम पुस्तिकेतच असते. वाचनकोपरा, बाग, स्वच्छता यांच्या समित्या मुलांनी निवडलेले मंडळ चालवते. पिकाच्या हंगामात शाळा बुडाली, तर मूल जिथे थांबले तिथूनच पुन्हा सुरुवात करते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मूल्यमापनात या शाळांतील तिसरीची मुले भाषेत आणि गणितात इतर ग्रामीण शाळांच्या पुढे होती.

आपली परिस्थिती याहून फार निराळी नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल, तर कायद्याने दोनच शिक्षक मिळतात. महाराष्ट्रातील द्विशिक्षकी शाळांचे हेच गणित आहे. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले मूल परत येते, तोवर वर्ग कितीतरी धडे पुढे सरकलेला असतो. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी अशाच अडचणींवर कार्डांची शिडी काढली. प्रत्येक मूल आपली पायरी पाहून कार्ड उचलते. कुठे शिक्षकाजवळ, कुठे सोबत्याबरोबर, कुठे एकट्याने बसायचे, हे कार्डावरूनच कळते. तिच्या आधारे २००३पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत आणि पुढे तामिळनाडूभर कृतियुक्त अध्यापन सुरू झाले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की नवशिक्या मुलाला मोकळे सोडले तर ते चाचपडत राहते. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ साली हेच ठामपणे मांडले, आणि त्यात तथ्य आहे. मात्र कार्डांची शिडी म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. तिथे मार्गदर्शन भरपूर असते. ते फळ्यावरून उतरून मुलाच्या हातात येते, इतकेच. वाचता न येणाऱ्या मुलाला तर शिक्षकाजवळच बसवावे लागते. दुसरी शंका गटकामाची: एक हुशार मूल राबते, बाकीचे बसून राहतात. रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या संशोधनाचा निष्कर्ष इथे उपयोगी पडतो. गटाचे उद्दिष्ट एक हवे, पण यश मोजताना प्रत्येकाला स्वतंत्रपणे काय आले हे तपासायला हवे. मग सोबत्याला समजावून सांगण्यात प्रत्येकाचेच हित असते.

खरी अडचण खर्चाची आणि तयारीची आहे. कोलंबियात पद्धत झपाट्याने पसरवली गेली, तेव्हा अनेक शाळांत पुस्तिका आणि वाचनकोपरे नीट पोचलेच नाहीत. शाळेला नाव नवे मिळाले, रीत जुनीच राहिली. म्हणून परिपत्रक काढण्याआधी साहित्य छापावे, शिक्षकांना चालत्या वर्गांत नेऊन ही रीत दाखवावी, आणि अभ्यासक्रम ‘पूर्ण’ करण्याची एकच तारीख सर्व मुलांवर लादणे थांबवावे. तारीख सर्वांना एकच असेल, तर मुलाला ठरवण्यासारखे काही उरतच नाही.