विमा कंपनी कोणाला नाकारते?

म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळला तर त्याची आंघोळ, जेवण, शौच कोणी पाहायचे? आपल्याकडे हा भार बहुधा सुनेवर किंवा लेकीवर पडतो आणि त्याची मोजदाद कोणी करत नाही. अमेरिकेत त्याचे बिल येते. तिथली वृद्धांसाठीची सरकारी ‘मेडिकेअर’ योजना दवाखान्याचा खर्च देते, वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचा देत नाही. ‘मेडिकेड’ देते, पण ती गरिबांसाठी. तिच्यात बसण्यासाठी गाठीची पुंजी जवळजवळ संपवावी लागते. मधल्या माणसाने खाजगी कंपनीचा दीर्घकालीन शुश्रूषा विमा घ्यावा, असे बाजारवादी सांगतात. मग हा विमा तिथे थोड्याच लोकांकडे का?

पुस्तकी उत्तर असे की, विमेदाराला स्वतःविषयी जे ठाऊक असते ते कंपनीला नसते. ज्याला धोका जास्त तोच विमा घ्यायला धावतो. दावे वाढतात, कंपनी हप्ता वाढवते, धडधाकट माणसे बाहेर पडतात, हप्ता पुन्हा वाढतो. याला ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचे उदाहरण बोलके आहे. त्याचे जनुक असलेल्यांत हा विमा घेण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या पाचपटीपर्यंत असल्याचे २०१० साली एका अभ्यासात आढळले.

पण गोष्ट इथे संपत नाही. एमी फिंकेलस्टीन आणि कॅथलीन मॅक्गॅरी यांनी २००६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. येत्या पाच वर्षांत शुश्रूषागृहात जावे लागण्याची शक्यता किती, असे १९९५ साली वृद्धांना विचारले गेले होते. ज्यांनी शक्यता जास्त सांगितली ते खरोखरच जास्त प्रमाणात तिथे गेले आणि विमाही त्यांनीच जास्त घेतला. तरीही सगळे विमेदार एकत्र धरले तर ते इतरांपेक्षा जास्त प्रमाणात शुश्रूषागृहात गेले नव्हते. असे का? कारण विमा घेणाऱ्यांत दुसराही एक वर्ग होता. गाडीचा पट्टा न चुकता लावणारा, वेळेवर तपासण्या करून घेणारा, हाती पैसा असणारा. त्याला धोका कमी, पण काळजी जास्त. दोघांची बेरीज-वजाबाकी झाली आणि वरून सारे आलबेल दिसले.

आता कायद्याचे पाहू. विम्याचा करार परम सद्भावाचा असतो. ठाऊक आहे ते विमेदाराने सांगितलेच पाहिजे. पण मनातली भीती कोणत्या रकान्यात लिहायची? म्हणून कंपनी सोपा मार्ग काढते. ज्याला पक्षाघात होऊन गेला, ज्याची स्मृती ढासळू लागली, त्याला कोणत्याही हप्त्यावर विमा देत नाही. नेथन हेंड्रेन यांनी २०१३ साली दाखवले की, नाकारल्या जाणाऱ्या गटांकडेच स्वतःविषयीची खाजगी माहिती जास्त असते; म्हणून त्यांच्यासाठी बाजार उभाच राहत नाही. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच दार बंद!

मग सरकारने ऐच्छिक योजना काढावी काय? अमेरिकेने तेही करून पाहिले. २०१० च्या आरोग्य कायद्यात ‘क्लास’ नावाची अशी योजना होती. तीत प्रकृतीवरून कोणाला नाकारता येत नव्हते, पण सामील होण्याची सक्तीही नव्हती. आजारीच तेवढे येतील आणि हप्ता परवडणार नाही, हे हिशेबात दिसले. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने हात टेकले आणि जानेवारी २०१३ मध्ये ती रद्द झाली. उलट जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून शुश्रूषा विमा सक्तीचा केला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकाने वर्गणी भरायची. सगळेच आत असले की निवडीचा खेळच संपतो.

इथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मागणी केली होती की, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा. ती मागणी आयुर्विम्याची होती, शुश्रूषेची नव्हती. पण सक्ती, राज्य आणि वेतनाप्रमाणे हप्ता ही तिन्ही सूत्रे या प्रश्नाला जशीच्या तशी लागू पडतात.

सक्ती म्हटले की स्वातंत्र्याचा गळा काढणारे पुष्कळ भेटतील. त्यांना एकच विचारावे: ज्या बाजारात निवड कंपनी करते, तिथे नाकारलेल्या म्हाताऱ्याला कोणते स्वातंत्र्य उरते?