व्यवहारात न आलेली रौप्य स्मारक-नाणी : संग्रह आणि जतन

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारत सरकारने दहा रुपये दर्शनी मूल्याचे रौप्य नाणे काढले. त्याचे वजन १५ ग्रॅम व व्यास ३४ मिलिमीटर असून त्यात चांदीचे प्रमाण ८० टक्के आहे. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेल्या त्याच मूल्याच्या नाण्यात हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. अशी नाणी बाजारात फारशी फिरली नाहीत. पुष्कळशी थेट पेटीत वा देव्हाऱ्यात गेली. त्यामुळे ती अभ्यासकास मूळ स्थितीत मिळावीत, अशी अपेक्षा साहजिक होय. परंतु व्यवहाराने न झिजलेले नाणे अनेकदा मालकाच्या काळजीनेच बिघडते.

याचे कारण नाणे पाडण्याच्या क्रियेत आहे. ठशांच्या दाबाखाली चकतीचा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे तिरपे धरून फिरविले असता प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतात, ते या रेषांमुळेच. टांकसाळीत नाणी परस्परांवर आदळून पडलेल्या ओरखड्यांमुळे नाण्याचा हा दर्जा जात नाही. मात्र मुखाकृतीच्या उंच भागावर झीज दिसल्यास तो जातो.

हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. थर वाढतो तसा रंग पिवळसर, तांबूस, निळसर व अखेरीस काळा होतो. घरातील चांदीची भांडी राखेने किंवा रांगोळीने उजळण्याची चाल जुनी आहे. तीच रीत नाण्यास लावली की मूळ रेषा घासून जातात व त्यांच्या जागी नवे ओरखडे येतात. रासायनिक द्रावणात बुडविल्याने थर निघतो हे खरे. तथापि त्या थरात गेलेली चांदीही त्याबरोबरच जाते. वारंवार असे केल्यास नाणे पांढरे परंतु निस्तेज दिसू लागते. ही हानी भरून येत नाही.

यास्तव जतनाचा पहिला नियम न घासण्याचा होय. नाणे केवळ कडेने धरावे. घामातील क्षारांमुळे बोटांचे ठसे कायमचे उमटतात. पॉलिव्हिनिल क्लोराइडची मऊ पाकिटे वर्ज्य समजावीत. त्यांतून झिरपणाऱ्या द्रव्यांमुळे नाण्यावर हिरवट, चिकट थर जमतो. असा थर ताजा असल्यास शुद्ध ॲसिटोनमध्ये न चोळता बुडवून काढता येतो. साठवणीसाठी पॉलिएस्टरची वेष्टने योग्य. लोकर, रबर व हलक्या प्रतीचा पुठ्ठा यांपासून नाणे दूर ठेवावे. पेटीत सिलिका जेल ठेवून आर्द्रता कमी राखावी.

प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, टांकसाळीची खूण आणि ते कोठून आले, याची नोंद संग्रहात येतेवेळीच करावी. लक्ष्मीपूजनात हळदकुंकू लागलेले नाणे आले, तर तेही पुसण्यापूर्वी नोंदवावे. ते चिन्ह त्या नाण्याच्या उपयोगाचा पुरावा आहे, आणि एकदा पुसल्यावर तो पुन्हा मिळत नाही.