हरली तर तीस, जिंकली तर दहा

समोरचा दहा वर्षांचा पोरगा चाल करून पाणी प्यायला गेला, आणि अकोल्याच्या या अकरावीतल्या मुलीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. मोकळा हात नकळत सोंगटीला लागतो, आणि एकदा लागला की ती हलवावीच लागते. अमरावतीतली बुद्धिबळाची रेटिंग स्पर्धा. पालकांना हॉलमध्ये मज्जाव. मी आर्बिटरच्या परवानगीनं भिंतीला टेकून उभी.

पोराचं रेटिंग हिच्यापेक्षा दोनशेनं कमी. म्हणजे हिचाच घाटा. अठराच्या आतल्या खेळाडूंना २३०० रेटिंग होईपर्यंत के-फॅक्टर, म्हणजे रेटिंग किती हलणार ते ठरवणारा गुणक, ४० लागतो. ही जिंकली तर जेमतेम दहा गुण, बरोबरी झाली तर दहा वजा, हरली तर तीस गेले. आणि असली पोरं खेळतात मात्र रेटिंगपेक्षा कितीतरी वरचं.

नव्वद मिनिटांचा वेळ, शिवाय दर चालीला तीस सेकंद. ते तीस सेकंद मिळतात म्हणून चाली लिहिणं शेवटपर्यंत सुटत नाही. घड्याळात मिनिटभर उरलं तरी तिचा क्रम तोच: घोडा ठेवायचा, घड्याळ दाबायचं, मग पेन. आधी लिहून मग खेळायला नियमानं मनाई आहे. अडतिसाव्या चालीला तिनं राजा आडवा केला, हात मिळवला, स्कोअरशीटवर सही केली.

बाहेर आई डबा घेऊन. "काय झालं व?"

"घोडा उगाच काढला."

जेवता जेवता तिनं तोच डाव छोट्या पटावर पुन्हा लावला. संगणकाचं इंजिन रात्री, आधी आपल्या डोक्यानं चूक शोधायची, असं सरांनी बजावलंय.

महिला ग्रँडमास्टर व्हायला २३०० रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी, लागतात; ग्रँडमास्टरला २५००. महिलांचा किताब नोकरीच्या अर्जात उपयोगी पडतो, नाही असं नाही. पण नुसत्या महिला स्पर्धा खेळणारी मुलगी तिथंच अडकते, असं माझं मत. खेळ कसाला लागतो तो अशा मिश्र हॉलांत. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५मध्ये बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. भारताची ८८वी, महिलांत चौथी. २०२२च्या चेन्नई ऑलिम्पियाडमध्ये ती भारताच्या ज्या महिला 'ब' संघात होती, त्याचे प्रशिक्षक अमरावतीचेच ग्रँडमास्टर स्वप्निल धोपाडे. म्हणजे वऱ्हाडात विद्या आहे. नाहीत ते परदेशी, किताबधारी प्रतिस्पर्धी, आणि त्यांच्याशिवाय नॉर्म होत नाही. एका नॉर्मला साधारण नऊ डाव. त्यासाठी प्रवास, लॉज, प्रवेश फी, आईची रजा. रेटिंगचे गुण परत मिळवता येतात, आईच्या रजा नाही.

डबा बंद करताना मुलीनं विचारलं, "पुढच्या स्पर्धेची फी भरली?"

"भरली व. तू आधी भाजी संपव."