घारीपलीकडचे शिकारी

मोशीवरून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघालात, की कचरा डेपोच्या बाजूला आभाळात घिरट्या घालणारे मोठे तपकिरी पक्षी दिसतात. त्या घारी. त्यांची गर्दी पाहून तुम्ही म्हणाल, एवढे शिकारी पक्षी आपल्याकडे आहेत, मग काळजी कशाची? नेमकी इथेच आपली फसगत होते.

घार ही आपल्या उष्ट्यावर पोसली जाते. मटणाच्या दुकानामागे टाकलेली आतडी, उकिरड्यावरची मेलेली घूस, हॉटेलातले खरकटे, तिला काही वर्ज्य नाही. घरट्याला ती काटक्यांबरोबर तारेचे तुकडे आणि चिंध्याही वापरते, आणि झाड नसले तर विजेचा मनोराही तिला चालतो. शहर वाढले की घारही वाढते. तेव्हा घारी मोजून माळाची प्रकृती कळायची नाही. तिची खूण सोपी आहे. उडताना शेपटीच्या टोकाला मधोमध खाच दिसली, तर ती घार. खाच नसेल, तर मात्र थांबा आणि नीट बघा. मला ज्यांच्याविषयी सांगायचे आहे ते पक्षी हेच.

भोसरी, तळवडे, देहू, चाकण हा सारा टापू मूळचा माळरानाचा. पावसाळ्यात गुडघाभर कुसळी गवत, उन्हाळ्यात तांबडी माती, मध्ये कुठे बोर, कुठे बाभूळ. असल्या ठिकाणी तारेवर बसलेला पांढरा-राखी पक्षी पाहा. डोळे लालभडक, खांद्यावर काळा डाग. ही कापशी घार. नावात घार असली तरी उकिरड्याशी तिचा संबंध नाही. ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, पाय लोंबते सोडते, आणि जिन्याच्या पायऱ्या उतरावे तशी टप्प्याटप्प्याने खाली येऊन उंदीर उचलते. हिवाळ्यात असाच हवेत थबकणारा, पण विटकरी पाठीचा पक्षी दिसला, तर ती खरूची. आणि बाभळीच्या शेंड्यावर तासन्‌तास बसून टोळ व सरडे टिपणारा, पांढऱ्या डोळ्यांचा, तो तिसा.

या सर्वांत मला कौतुक वाटते ते भोवत्याचे. कझाकस्तान, रशिया अशा दूरच्या गवताळ मुलखातून हा सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे येतो आणि मार्च-एप्रिलात परत जातो. गवतावरून हात-दोन हात उंचीने, पंख वर धरून, डुलत डुलत जातो. त्याचा चेहरा घुबडासारखा चपटा असतो, त्यामुळे गवतातली खसखस त्याला ऐकू येते. तो टोळ, उंदीर, लहान पाखरे खातो. पण खरी गंमत संध्याकाळी. इतर शिकारी पक्षी झाडावर झोपतात, हा जमिनीवर! दिवसभर एकेकटे हिंडलेले भोवते सूर्य मावळताना एकाच गवताळ पट्ट्यात जमतात आणि गवतातच रात्र काढतात. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला अशी मोठी झोपण्याची जागा आहे आणि ती राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. सातबाऱ्यावर या जमिनीला नाव काय? पोटखराबा, नाहीतर पडीक. म्हणजे कागदावर तिथे कोणीच राहत नाही. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झाले, भोसरीचा माळ गेला, पुढे चाकणचाही गेला. कारखाने नकोत असे मी म्हणत नाही. आपलीच पोरे तिथे कामाला आहेत, आणि ज्यांच्या घरात त्यामुळे दोन पैसे आले त्यांना माळाचे पोवाडे ऐकवण्यात अर्थ नाही. परंतु माळ म्हणजे रिकामी जागा, हा समज मात्र चुकीचा आहे.

या चुकीतून दुसरी चूक होते, आणि तिच्यात आम्ही शिक्षक मंडळी पुढे असतो. जुलै आला की मुलांना घेऊन माळावर झाडे लावायची. झाडांनी पक्षी येतात हे खरे आहे. पिंपरीच्या टेल्को कारखान्याच्या उजाड आवारात सुमंत मुळगावकर यांनी झाडे लावली, तळे केले, आणि तिथे पाणपक्षी आले. मात्र गवतात झोपणाऱ्या भोवत्याला झाडी म्हणजे घर मोडल्यासारखेच. तेव्हा शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी खुशाल झाडे लावा. चांगल्या गवताचा माळ असेल तो मात्र तसाच राहू द्या, आणि त्याला वणवा लागू देऊ नका. आपल्याच जिल्ह्यात, बारामती तालुक्यात सुप्याजवळ, मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते मुख्यतः चिंकारासाठी असले तरी माळ हा माळ म्हणूनच राखता येतो हे तिथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

दिवसाच्या शिकाऱ्यांचे काम रात्री घुबडे करतात. पहाटे कुडमुडे वाजवीत येणाऱ्या पिंगळ्याचेच नाव असलेला छोटा पिंगळा तुमच्या दारच्या झाडाच्या ढोलीत असेल. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाचे गव्हाणी घुबड जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात राहते. त्याचा एक कान जरा वर, एक जरा खाली असतो. त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदीर नेमका कुठे आहे हे त्याला नुसत्या आवाजावरून समजते. लक्ष्मीचे वाहन म्हणून आपण त्याला नमस्कार करतो आणि घरावर बसले की अपशकुन म्हणून दगड मारतो!

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. घुबड उंदीर बहुधा सबंध गिळते. हाडे आणि केस त्याला पचत नाहीत. त्यांची गोळी करून ते तोंडावाटे टाकते. अशा काळसर गोळ्या त्याच्या बसण्याच्या जागेखाली सापडतात. हातमोजे घालून त्या गोळा करा, जंतुनाशक घातलेल्या कोमट पाण्यात भिजवा आणि चिमट्याने सोडवा. पिवळसर, पुढे वाकलेले दात असलेली कवटी उंदराची, बारीक टोकदार दातांची चिचुंद्रीची. पिंगळ्याच्या गोळीत किड्यांची कवचेही निघतात. कवट्या मोजल्या, की घुबड शेतकऱ्याचे काय काम करते हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

शेतात उंदीर झाले की आपण औषध टाकतो. त्यांतली ब्रोमाडिओलोनसारखी विषे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरतो. सुस्त उंदीर घुबडाला आणि कापशीला सहज सापडतो, आणि त्याच्या अंगातले विष तिच्या पोटात जाते. म्हणून आधी पक्षी थांबे लावून पाहा. विष वापरावेच लागले, तर ते बिळात टाका आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरा. आता कोणी म्हणेल, शिक्रा आमची कोंबडीची पिल्ले नेतो, त्याचे काय? नेतो खरा. पिल्ले थोडी मोठी होईपर्यंत डालग्याखाली ठेवा, एवढाच त्याला उपाय.

विषाचे काय होते हे आपण गिधाडांच्या बाबतीत पाहून चुकलो आहोत. जनावरांना वेदनेवर देतात त्या डायक्लोफेनॅकमुळे, ते टोचलेले जनावर मेल्यावर खाऊन, गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरांतले एकही धड उरले नव्हते. गिधाडे जात होती तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही, कारण आभाळात घारी होत्याच.

संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांजाने पंख कापलेले पक्षी सापडतात. या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली आहे, तरी तो येतोच. असा शिकारी पक्षी हाती लागला तर चोचीला भिऊ नका. जखम करतात ती पायांची नखे. अंगावर जाड कापड टाकून पंख मिटवा, पाय धरा, आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. खायला घालू नका, चोचीत पाणी ओतू नका. गुंतलेला मांजा ओढू नका, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापा आणि पंखात रुतलेला भाग डॉक्टरांसाठी तसाच ठेवा. मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पक्षी जवळ ठेवून घेणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून फोन त्याच दिवशी झाला पाहिजे.