एवढुशा यीस्टची मोठ्ठी काटकसर

दोस्ता, तुझं घर मिसरोदला आहे ना? मग मंडीदीपकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एखाद्या बेकरीतून एक पाव आण बघू. आता तो मधोमध फोड. दिसली आतली जाळी?

ही भोकं पाडली कोणी, ओळख! यीस्टनं! यीस्ट म्हणजे एकाच पेशीची इवलीशी बुरशी. एका मिलिमीटरमध्ये तिच्या दोनशेच्या आसपास पेशी ओळीनं मावतील! ती पिठातली साखर खाते आणि वायू सोडते. त्या वायूनं पाव फुगतो.

पण नुसत्या साखरेवर तिचं भागत नाही. तिला गंधकही लागतं! हो, फटाक्यांच्या दारूत असतं तेच गंधक!

कशाला? तर मेथिओनीन आणि सिस्टीन बनवायला. प्रथिनं ज्या छोट्या तुकड्यांची बनतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यांतली ही दोन गंधकवाली. पेशी कुठलंही प्रथिन बांधायला घेते, तेव्हा पहिला तुकडा ठेवते मेथिओनीनचा! तुला-मला मेथिओनीन शरीरात तयार करता येत नाही. ते डाळ, तीळ, दूध, अंडी यांतून मिळवावं लागतं. यीस्ट मात्र गंधकाच्या साध्या क्षारांपासून ते स्वतःच बनवते. आहे की नाही हुशार?

हे काम करतात विकरं. विकर म्हणजे पेशीतलं कामकरी प्रथिन. पण विकरं बनवायलाही खर्च येतो बरं का! डब्यात पोळ्या शिल्लक असताना आई पुन्हा कणीक मळायला घेते का? यीस्टही घेत नाही!

तिच्यात ‘मेट-४’ नावाचं एक प्रथिन असतं. ते हुकूम सोडतं, “चला, गंधकवाली विकरं बनवा!” गंधकाचं सामान पुरेसं साठलं, की ‘मेट-३०’ पुढे येतं. त्याच्या कामातून मेट-४ ला यूबिक्विटिन नावाचं चिमुकलं प्रथिन चिकटतं. झालं, हुकूम बंद! कधी मेट-४ मोडीत निघतं, तर कधी ते तसंच राहतं, फक्त गप्प!

आणि गंमत ऐक. यूबिक्विटिन तुझ्याही पेशींत आहे! त्यात 76 अमिनो आम्लं असतात. यीस्टच्या आणि माणसाच्या यूबिक्विटिनमध्ये फरक किती जागी? फक्त 3!

आता खरी कमाल. समजा, यीस्टच्या आसपास कॅडमियम आलं. हा विषारी धातू. लगेच मेट-३० बाजूला होतं आणि मेट-४ जोरात कामाला लागतं. कारण यीस्टला ग्लुटाथिओन हवं असतं, खूप खूप! हा तीन अमिनो आम्लांचा छोटासा रेणू कॅडमियमला पकडून ठेवतो. त्या तिघांतलं एक म्हणजे आपलं गंधकवालं सिस्टीन.

पण एवढं गंधक आणायचं कुठून?

घरात तेल संपत आलं तर? आई पुऱ्या तळत नाही, फुलके भाजते. पोट तेवढंच भरतं आणि तेल वाचतं. यीस्ट अगदी हेच करते! तिच्याकडे ‘पीडीसी-१’ नावाचं विकर असतं. पाव फुगवणारा वायू सुटतो, तो याच्याच कामातून. पण याच्यात गंधकवाले तुकडे बरेच. मग यीस्ट त्याच्या जागी आणते त्याचं भावंड, ‘पीडीसी-६’. काम तेच, पण गंधक कितीतरी कमी! वाचलेलं गंधक जातं ग्लुटाथिओनकडे.

ही युक्ती शास्त्रज्ञांनी 2002 साली जगासमोर मांडली. एकाच नव्हे, अनेक विकरांच्या बाबतीत यीस्ट अशी अदलाबदल करते. मला तर यात सगळ्यात जास्त नवल वाटतं ते पीडीसी-६ चं! एरवी त्याची कृती यीस्टच्या जनुकांत नुसती पडून असते. यीस्ट ते जवळजवळ बनवतच नाही. कॅडमियम आलं रे आलं, की लगेच बनवायला घेते!