आपली थैली आपल्या हातीं

वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांस घरून दरमहा खर्चासाठीं कांहीं रक्कम येते. ती थोडी असली, तरी तिचा हिशेब स्वतः ठेवल्यानें विचारपूर्वक वागण्याची संवय लागते. परंतु ज्यास उठण्यास, स्नान करण्यास व जेवण्यास दुसऱ्याचें साह्य लागतें, अशा अपंग मनुष्याच्या शुश्रूषेचा पैसा कोणाच्या हातीं असावा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या उत्तरावर त्या मनुष्याचा सारा दिवस अवलंबून असतो, हें ब्रिटनमधील पुढील हकीकतीवरून ध्यानांत येईल.

१९४८ सालीं त्या देशांत राष्ट्रीय साह्याचा कायदा झाला. त्यानें अपंगांची सोय लावण्याचें काम स्थानिक अधिकाऱ्यांकडे दिलें. मात्र अपंगाच्या हातीं रोख पैसा देण्यास मनाई केली. अर्थात् मदतनीस कोण येईल व किती वाजतां येईल, हें कचेरीनें ठरवावयाचें. जे अपंगाश्रमांत राहत, त्यांची उठण्या-निजण्याची वेळ आश्रमाच्या सोयीनें ठरे. मित्रांशीं रात्रीं बोलत बसावेंसें वाटलें, तरी निजविणाऱ्याची पाळी संपण्यापूर्वीं बिछाना गांठावा लागे.

हँपशर परगण्यांत ल कोर्ट नांवाचा असा एक आश्रम होता. १९७९ सालीं तेथील कांहीं रहिवाशांनीं मिळून एक योजना आंखली. १९८१ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांचें आंतरराष्ट्रीय वर्ष ठरविलें होतें. त्यावरून तिला 'प्रोजेक्ट ८१' हें नांव मिळालें. त्यांचें मागणें साधें होतें: आश्रमांत आमच्यावर जो खर्च होतो, तो आम्हांस द्यावा, आम्ही बाहेर घर करून आपले मदतनीस आपणच नेमूं. कायदा आड येत होता, म्हणून पैसा त्रयस्थ संस्थेमार्फत देण्याची युक्ति निघाली. त्यांच्यापैकीं जॉन इव्हान्स हे १९८३ सालीं स्वतःच्या घरीं राहावयास गेले. पुढें १९९६ सालीं नवा कायदा होऊन एप्रिल १९९७ पासून थेट पैसा देण्याची मोकळीक झाली. प्रथम ती ६५ वर्षांखालील प्रौढांपुरतीच होती. २००० सालीं वृद्धांसही मिळाली.

परंतु पैसा हातीं आला म्हणजे सारें झालें, असें नव्हे. मदतनीस नेमणारा मनुष्य त्याचा धनी होतो. करार, पगार, रजा, कर व विमा हें सर्व त्यास पाहावें लागतें. मदतनीस आजारी पडल्यास सकाळीं बिछान्यांतून कोण उठविणार, ही तजवीजही आधींच करावी लागते. पैसा निराळ्या खात्यांत ठेवून पावत्या जपाव्या लागतात. हें ओझें एकट्याच्या शिरावर टाकलें, तर स्वातंत्र्य हीच शिक्षा होईल. म्हणून तेथें अपंगांनीं स्वतः चालविलेल्या संस्था पुढें आल्या. जाहिरात कशी लिहावी, उमेदवारास काय विचारावें, हें त्या शिकवितात. कित्येक संस्था पगारपत्रकही करून देतात. ज्यास व्यवहार समजणें कठीण आहे, त्याच्या वतीनें योग्य मनुष्यास पैसा सांभाळतां येतो. आणि ज्यास ही जबाबदारी नको असेल, त्यावर ती लादतां येत नाहीं.

यांतील मर्म इतकेंच कीं, हिशेबास साह्य करणें निराळें आणि निर्णय हिरावून घेणें निराळें. रक्कमच अपुरी असेल, तर निवडीचा हक्कही पोकळ ठरतो, हेंही खरें.

आपल्या देशांत २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत, ज्यांस अधिक आधार लागतो अशांसाठीं शुश्रूषेच्या भत्त्याची तरतूद सांगितली आहे. असा पैसा घरीं आला, तर तो कोणीतरी वडील माणसानें ठेवून घेणें सोपें असतें; त्यांत मायाही असते. तथापि पालकांस आमची विनंति आहे कीं, अपंग मुलामुलींच्या हातीं लहानपणींच लहानशी रक्कम व एक वही द्यावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, सोबत्याची चाकांची खुर्ची ढकलण्यापूर्वीं, "कोठें जावयाचें?" हें त्यासच विचारावें. हिशेबांत चूक झाली, तर ती दाखवून द्यावी. वही मात्र काढून घेऊं नये.